तळ असलेला खड्डा

भाऊबिजेला आमची धाकटी बहीण इंदूरहून माहेरी आली. तिच्यासोबत बारा वर्षांचे चिरंजीव होते आणि चिरंजीवांच्या पिशवीत पाटीएवढे एक यंत्र होते. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २०१७ साली बाजारात आणलेला ‘स्विच’ तो हाच, असे आम्हांस सांगण्यात आले. भाच्याने ते बैठकीतल्या टीव्हीला जोडले आणि पुढले दोन दिवस आमच्या घरात बातम्या लागल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता बहिणीने सहज विचारले, “अरे, तुझ्या या यंत्रात आमचा जुना मारिओ आहे का रे?”

तो होता. निळे आकाश, तपकिरी विटा आणि ती ओळखीची टुणटुणती चाल सुरू झाली मात्र, मेथीची जुडी जेथल्या तेथे राहिली.

वाचकांपैकी ज्यांचे बालपण १९९० च्या मागेपुढे गेले, त्यांना मारिओची ओळख करून देण्याचे कारण नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो, की विटा, फळ्या, पायऱ्या यांवरून धावत आणि उड्या मारीत पुढे जावयाचे, अशा खेळांना ‘प्लॅटफॉर्म’ खेळ म्हणतात. हा शब्द आम्हांस तोवर केवळ रेल्वेमुळे ठाऊक होता. १९९२ च्या सुमारास आमच्या शेजारच्या घरी ‘सामुराई’ नावाचा खेळसंच आला. तो निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राच्या जातीचा होता. परंतु अस्सल कोणते आणि नक्कल कोणती हा विवेक करण्याची ऐपत आमच्या गल्लीत कोणाचीच नव्हती. आम्ही त्या वेळी एम.ए.च्या अभ्यासात, निदान त्या पुस्तकांच्या सहवासात होतो, आणि बहीण आठवीत होती. तिला घरी बोलावून आणण्याच्या निमित्ताने आम्ही शेजारी जात असू, आणि मग दोघांनाही बोलावण्यासाठी आईस यावे लागे.

तीन प्राण मिळत. ते संपले की पुन्हा पहिल्या विटेपासून आरंभ. वीज गेली तरी पुन्हा आरंभच. आणि त्या काळी बुऱ्हाणपुरात वीज किती वेळा जाई, हे येथील वाचकांना आम्ही काय सांगावे!

यंदा तेहतीस वर्षांनी तो खेळ समोर आला, तेव्हा आमच्या लक्षात एक निराळीच गोष्ट आली. मध्यंतरी आमचे आयुष्य शिकविण्यात गेले. तेव्हा केवळ खेळ दिसला होता. आता त्या जागी एक उत्तम पाठ दिसू लागला.

हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख रचनाकार. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, असे बत्तीस टप्पे अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेले. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांचे चित्रही एकच, रंग तेवढा वेगळा. जुन्या लुगड्यांची गोधडी करणाऱ्या आमच्या आज्ज्यांना ही काटकसर फार आवडली असती.

परंतु खरे कौतुक पहिल्या टप्प्याचे. कसे खेळावे याची एकही ओळ तेथे लिहिलेली नाही. मारिओ डाव्या बाजूस उभा, तोंड उजवीकडे आणि उजवीकडे मोकळी वाट. कोठे जावयाचे हे न सांगता कळते. तोच समोरून भूछत्रासारखा एक तपकिरी प्राणी चालत येतो. आमची बहीण त्यास ‘कुत्र्याची छत्री’ म्हणे, आजही म्हणते. त्याला धडकले की प्राण जातो. पण खेळ सुरू होऊन पुरती दहा सेकंदेही झालेली नसतात, त्यामुळे गमावण्यासारखे काही नसते. मग एका चौकटीतून दुसरे भूछत्र निघते. ते उजवीकडे घरंगळत जाते, नळकांड्यावर आपटते आणि उलट आपल्याच अंगावर येते. भिऊन पळू पाहणारासही ते बहुधा लागतेच, आणि लागल्यावर मारिओ मरत नाही, मोठा होतो! वाईट कोणते आणि हिताचे कोणते, हे असे अनुभवाने शिकविले जाते. पुढची नळकांडी दोन, तीन, चार विटा अशी चढत्या उंचीची आहेत. ‘सोप्याकडून कठिणाकडे’ हे सूत्र आम्ही बी.एड.च्या परीक्षेत पानभर लिहिले होते. येथे ते तीन नळकांड्यांत उभे केलेले आहे.

त्यापुढच्या एका नळकांड्यातून मारिओ जमिनीखाली उतरतो. तेथे नाणी मांडून ठेवलेली असतात. बहीण उद्गारली, “दादा, हा बघ, कुंडी भंडाऱ्यात उतरला!” आम्ही सगळेच हसलो. अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळी, सतराव्या शतकाच्या आरंभी, आमच्या गावाला पाणी पुरविण्यासाठी खोदलेल्या त्या विहिरींच्या रांगा जमिनीखाली भुयाराने एकमेकींस जोडलेल्या आहेत. एका कुंडीतून उतरावे आणि आतल्या आत दुसरीकडे चालत जावे, ही कल्पना बुऱ्हाणपूरकरांस जपानकडून शिकावी लागलेली नाही.

आता ज्याच्यासाठी हा सारा प्रपंच, त्या ठिकाणी येतो. पहिला टप्पा संपत आला की पायऱ्यांच्या जोड्या लागतात. एका बाजूने चढावे, माथ्यावरून उडी घ्यावी, मधला खड्डा ओलांडून समोरच्या पायऱ्यांवर उतरावे. वाटेत याआधी एकदोन साधे खड्डे येऊन गेलेले असतात. परंतु अशा उंचावरून खड्डा ओलांडण्याचा प्रसंग येथे प्रथमच येतो. या जोड्यांतील पहिल्या जोडीच्या मधल्या खड्ड्याला तळ आहे. उडी हुकली तर मारिओ खाली जमिनीवर उभा राहतो, उडी मारून वर येतो आणि चालू लागतो. लगेच पुढे तशीच दुसरी जोडी आहे, तेवढ्याच रुंदीच्या खड्ड्याची. त्या खड्ड्याला मात्र तळ नाही. तेथे पडला तो गेला.

उडी तीच, अंतर तेच. परंतु अथांग खड्ड्याशी गाठ पडण्यापूर्वी रचनाकाराने तळ असलेला खड्डा मांडून ठेवला आहे. आम्ही त्या जागी खेळ थांबवावयास लावला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत बसलो. भाच्याला वाटले, मामांना डुलकी लागली.

डुलकी लागली नव्हती. आम्हांस २००४ साल आठवत होते.

त्या वर्षी दहावीचा एक वर्ग आमच्याकडे होता. त्यात घरी आपलीच मराठी बोलणारा, यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाचा एक मुलगा होता. वर्गात बसल्या जागी हिशेब बरोबर करी. फळ्यासमोर उभा राहिला की सारे विसरे. सहामाही परीक्षेत त्यास गणितात १०० पैकी ११ गुण पडले. सहामाही ही वास्तविक सरावाची परीक्षा. तीत पडलेल्या मुलास हात देऊन वर घेणे, एवढेच आमचे काम होते. आम्ही ते गुण भर वर्गात मोठ्याने वाचले, दोनदा वाचले, आणि वर एक कोटीही केली. वर्ग हसला. त्या दिवशी आम्ही तळ असलेल्या खड्ड्याचा तळच काढून घेतला. पुढे वार्षिक परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला. आम्ही निरोप धाडला. तो आला नाही. यंत्रमागावर लागल्याचे कळले.

भाच्याने आम्हांस एक सोय दाखविली. या यंत्रावरील जुन्या खेळांना ती २०१९ साली जोडण्यात आली. दोन कळा एकदम दाबून धरल्या की घडलेले सारे उलटे सरकू लागते. खड्ड्यात पडलेला मारिओ आपोआप वर उडून काठावर येतो. मूळ खेळात पडदा एकदा पुढे सरकला की मागे येत नसे. काळाचेही तसेच असते, म्हणून आम्हांस ते कधी खटकले नव्हते. आता काळही परतविता येतो. आम्ही ती सोय यथेच्छ वापरली. तरुणपणी जो टप्पा आम्हांस कधीच पार झाला नव्हता तो अर्ध्या तासात पार झाला. आणि पार झाल्यावर आमच्या ध्यानात आले, की ती उडी आम्हांस अद्याप येत नाही. बहिणीने कळांना हात न लावता दोन प्राण गमावले आणि तिसऱ्यास पलीकडे गेली. उडी तिच्या बोटांत राहिली होती.

पडणे पुसून टाकणे वेगळे आणि पडल्यावर पायाखाली तळ असणे वेगळे. पहिल्यात आपण पडलोच नव्हतो असे ठरते. दुसऱ्यात आपण पडलो हे खरे असते, आणि वर येण्याची उडीही आपलीच असते. दोहोंतला हा भेद आमच्या शिक्षणव्यवस्थेने, आणि तिच्यातले एक म्हणून आम्हीही, नीट ओळखला नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणास मागे ठेवू नये असे ठरविले. हेतू मुलांच्या मनातली भीती जावी हा होता. परंतु आम्ही अनेकांनी त्याचा सोयीस्कर अर्थ असा घेतला, की वाटेतले खड्डे बुजवून टाकले म्हणजे झाले. परिणामी मूल नववीत आले की त्याच्या आयुष्यातला पहिलाच खड्डा समोर येई, आणि तो अथांग असे. २०१९ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीला अनुत्तीर्ण ठरविण्याची मुभा राज्यांस मिळाली. आमच्या मध्य प्रदेशात दहावी-बारावीत अडलेल्यांना पुन्हा परीक्षेची संधी देणारी ‘रुक जाना नहीं’ योजना २०१६ साली सुरू झाली. तिने कितीतरी मुलांच्या पायाखाली तळ दिला. २००४ साली तो नव्हता. परंतु योजना नव्हती म्हणून वर्गाला हसविण्याचे आम्हांस कोणी सांगितले नव्हते.

वास्तविक आपल्या पोरांच्या खेळांना हे शहाणपण फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लंगडी असो, लगोरी असो, एखादे लहानगे खेळावयास हट्ट धरून बसले की मोठी मुले त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून आत घेत. तो धावे, पडे, बाद होई. पण त्याचे बाद होणे मोजले जात नसे. त्याला कोणी वगळीत नसे की खोटे जिंकवीतही नसे. खेळता खेळता एक दिवस तो स्वतःच म्हणे, “आता मी कच्चा लिंबू नाही.” अंगणात जे आम्ही आपसूक पाळले, ते वर्गात शिरताना उंबऱ्याबाहेर ठेवून आलो.

या वर्षी शाळा उघडल्यावर तोच मुलगा आमच्या कार्यालयात आला. मुलगा कसला, कानशिलांवर केस पांढरे होऊ लागलेला गृहस्थ. आपल्या मुलीचे नाव नववीत घालावयास आला होता. आम्ही त्यास ओळखले. त्याने आम्हांस ओळखले हे तर उघडच होते. जुना विषय दोघांनीही काढला नाही. जाताना दारात थांबून तो म्हणाला, “सर, हिला सगळं येतं. फक्त फळ्याजवळ उभी केली की विसरते. माझं व्हायचं तसंच.” आम्ही “बरे” म्हणालो. त्याहून अधिक काही बोलावयास हवे होते, ते सुचले नाही.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा आम्ही शिक्षकांची सभा घेतली. जपानी खेळाचे नाव काढण्याचे धाडस झाले नाही. कच्च्या लिंबाचे उदाहरण दिले, ते सर्वांस पटले. त्या आठवड्यापासून नववीच्या वर्गात दर शनिवारी एक चाचणी होते. तिचे गुण कोणत्याही नोंदवहीत चढत नाहीत. मुलेच आपापल्या वहीत ते पेन्सिलीने लिहितात, आणि हवे असल्यास तेच प्रश्न पुढल्या शनिवारी पुन्हा सोडवितात. मोठ्याने गुण वाचण्यास मनाई आहे. हा नियम आम्ही प्रथम स्वतःस लावून घेतला. सहामाहीच्या परीक्षाही लवकरच येतील. त्यांना मात्र तळ नाही, कारण त्यांचे गुण पुढे जोडले जातात. म्हणून शनिवारांची घाई.

चार शनिवार झाले. फार मोठे काही घडलेले नाही, आणि तसे सांगून आम्ही वाचकांची फसवणूक करणार नाही. काही मुले चाचणीला हजरच राहत नाहीत. गुण धरत नाहीत तर यावे कशाला, असे त्यांचे सरळ गणित आहे. परंतु परवाच्या शनिवारी आम्ही वर्गाच्या दारातून पाहत होतो. ती मुलगी फळ्याजवळ उभी होती. तिसऱ्या ओळीला चुकली. मागे वळून तिने वर्गाकडे पाहिले. कोणी हसले नाही. मग तिने डस्टर उचलले, तिसरी ओळ तेवढी पुसली, वरच्या दोन तशाच ठेवल्या आणि पुन्हा लिहू लागली.

आम्ही आत गेलो नाही. तेथे आमचे काही काम नव्हते.