कपाटातला सूक्ष्मदर्शक

नववीच्या वह्या तपासताना कांद्याच्या पेशींची आकृती सर्वांची एकसारखीच आढळते. उघड आहे, ती पुस्तकातून उतरवलेली असते. सूक्ष्मदर्शक कपाटात आणि किल्ली आमच्याकडे! दोष मुलांचा नाही.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. तिथे पेशीला ‘कोशिका’ म्हणत. इथे गुजराती शेजारी ‘कोष’ म्हणतात. शब्द पाठ झाले, पण पेशी केवढी असते हे पदवी मिळेपर्यंत मला कुणी मोजायला लावले नाही.

मोजणे मुळीच अवघड नाही. १० पटीच्या भिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवा आणि दिसणाऱ्या गोलाचा व्यास वाचा. (पट्टीची रेघ दोराएवढी जाड दिसते, रेघेच्या एकाच कडेपासून मोजावे.) व्यास दीड मिलिमीटर, म्हणजे १५०० मायक्रोमीटर भरला आणि कांद्याच्या पापुद्र्यातील पाच पेशी एका ओळीत मावल्या, तर एकीची लांबी सुमारे ३०० मायक्रोमीटर. मग ४० पटीचे भिंग फिरवा. व्यास चौथा हिस्साच उरतो. हे मुलांनी स्वतः पाहावे.

डेल्फ्टचा ल्यूवेनहूक मुळात कापडव्यापारी. १६७४ मध्ये त्याने स्वतः बनवलेल्या भिंगातून रक्तातील तांबड्या पेशी पाहिल्या आणि वाळूच्या कणाशी ताडून त्यांचे माप अजमावले. आपले सुरत तर कापडाचे आणि हिऱ्यांचे. दहापटीचे भिंग रोज डोळ्याला लावणाऱ्या पालकांनी एखाद्या शनिवारी प्रयोगशाळेत जरूर यावे.

विश्वस्तांना विनंती एवढीच: नवे सूक्ष्मदर्शक पुढे पाहू, आधी आठवड्यातून एक जोडतास मंजूर करावा. काचपट्ट्या फुटतीलच, तो खर्च शाळेच्या खात्यात धरावा, मुलांकडून भरून घेऊ नये.