कॅमेरे किती ते नका सांगू, नंबर वाचून दाखवा

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या काकांना रात्री चौकात एका टेम्पोने उडवलं. पाय मोडला, टेम्पो पसार. चौकात कॅमेरे होते, म्हणून सगळे निर्धास्त. फुटेज उघडलं, तर टेम्पो दिसतो, पण नंबरप्लेटच्या जागी नुसते राखाडी चौकोन.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पोट भरतो, त्यामुळे हे चौकोन ओळखीचे. अंधार, शटर, लेन्स ही कारणंही असतात, पण असे चौकोन दिसले की समजायचं, व्हिडिओ फार दाबलाय. १०८०पी चित्र न दाबता साठवलं तर सेकंदाला सुमारे ६०० मेगाबिट लागतात. ते ४ मेगाबिटमध्ये बसवलं तरी एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३ जीबी होतात. १ मेगाबिटवर आणलं की तीच डिस्क चौपट दिवस पुरते. आता निविदेत काय असतं? मेगापिक्सेल आणि 'तीस दिवसांचं रेकॉर्डिंग'. बिटरेटचा उल्लेख नसेल, तर ठेकेदार काय करणार, सांगा बरं!

दुसरा मुद्दा वेगाचा. कॅमेऱ्यातल्या चिपला सेकंदाला २५ फ्रेम तिथल्या तिथे दाबाव्या लागतात, म्हणजे एका फ्रेमला ४० मिलिसेकंद. मी त्याच चौकात रात्री शूट केलेली क्लिप लॅपटॉपवर १ मेगाबिटला दोनदा दाबली. 'अल्ट्राफास्ट'वर चुटकीसरशी झाली, पण नंबर गेला. 'व्हेरी स्लो'वर चहा पिऊन झाला तरी चालूच होती, पण नंबर कसाबसा वाचता आला. कोडेक तोच, बिटरेट तोच. म्हणून 'आमचा कॅमेरा एच.२६५ आहे' एवढ्यावर भुलू नका. बिटरेट, वेग आणि दर्जा तिन्ही एकत्र मोजले तरच तुलना खरी.

दर्जा मोजायला पीएसएनआर, एसएसआयएम, नेटफ्लिक्सने २०१६ साली खुलं केलेलं व्हीमॅफ अशी मापं आहेत. पण त्यांचा आकडा सहसा अख्ख्या चित्राची सरासरी सांगतो. रिकामा रस्ता छान दिसला की मार्क भरपूर, आणि कोपऱ्यातली नंबरप्लेट गेली तरी फारसा फरक पडत नाही. वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून नापास पोरगं पास होत नाही ना?

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांतलं फुटेज १८ महिने जपायला सांगितलं. चांगलंच झालं. पण ४ मेगाबिटने एका कॅमेऱ्याचे १८ महिने म्हणजे साधारण २३ टीबी. डिस्कचे पैसे वाचवायचे म्हणून चित्रच चिरडलं, तर जपून उपयोग काय?

माझ्या मागण्या साध्या आहेत. निविदेत किमान बिटरेट आणि फ्रेमरेट लिहा. रात्री चालत्या गाडीवर चाचणी घ्या, आणि नंबर लाइव्ह स्क्रीनवर नाही, डिस्कवरच्या रेकॉर्डिंगमधून वाचा. वाचता आला तरच बिल काढा.

खर्च वाढेल, मान्य. मग कॅमेरे कमी बसवा. चाळीस आंधळ्यांपेक्षा दहा डोळस बरे.

काका अजून खाटेवर आहेत. पुढच्या वेळी नगरसेवक 'इतके कॅमेरे बसवले' म्हणाले, की एवढंच म्हणा: "साहेब, काल रात्रीचा एक नंबर वाचून दाखवा."