अ‍ॅक्सेंटची धास्ती? आयर्लंडकडे बघा!

कळव्याहून लोकल पकडून कॉलेजला निघालेल्या कितीतरी जणांच्या पोटात आज गोळा आलेला असेल. प्रेझेंटेशन इंग्लिशमध्ये, उच्चार चुकला तर सगळे हसणार! 'ती फुलराणी'तल्या मंजुळेनेही हेच सोसलं. पु. ल. देशपांडेंनी तिला मराठीत आणलं, पण तिचं मूळ बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये. १९१४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या या नाटकात उच्चारावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्यांची शॉने चांगलीच टर उडवली. आणि हा शॉ होता कुठला? डब्लिनचा!

आपल्यासारखंच आयर्लंडवरही इंग्रजांचं राज्य होतं. इंग्लिश लादली गेली, पण आयरिश लोकांनी ती आपल्या लयीत बोलून-लिहून आपलीशी केली. येट्स, शॉ, बेकेट आणि हीनी या चौघांना साहित्याचं नोबेल मिळालं. संगीतही तसंच ऐटीत जपलं. पबमध्ये फिडल, बासरी घेऊन मंडळी कोंडाळं करून वाजवतात. ना स्टेज, ना तिकीट. अगदी आपल्या लोकलमधल्या भजनासारखं!

पण एक किंमत त्यांना मोजावी लागली. आयरिश ही तिथली पहिली राजभाषा, शाळेतही शिकवतात. तरी रोजच्या व्यवहारात ती बोलणारे मोजकेच उरलेत.

तेव्हा दोस्तांनो, इंग्लिश बिनधास्त बोला, चुका, पुन्हा बोला. शॉ वाचा, आयरिश धून ऐका. मात्र मराठी वाचणं-लिहिणं सोडू नका. आयर्लंडने जे कमावलं ते आपणही कमावू. जे गमावलं ते कशाला गमवायचं?