अडकित्त्याखालची गोळी

गेल्या मंगळवारी जेवणानंतर पुतणीचा डोळा लागला म्हणून सुपारी स्वतःच कातरावयास घेतली, तेव्हा अडकित्त्याच्या पात्याला पांढरा भुगा चिकटलेला दिसला. आणि या सदराच्या जुन्या वाचकांना माझा संशयी स्वभाव परिचित असल्यामुळे, त्या भुग्याचा रीतसर पंचनामा झाल्यावाचून सुपारी तोंडात गेली नसणार हे त्यांनी ताडलेच असेल. चौकशीत निष्पन्न झाले ते असे की, वार्धक्यामुळे वाढलेल्या माझ्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या फिनास्टेराइडच्या गोळ्या, माझीच जीर्ण चिठ्ठी दाखवून, आमचे पुतणे (वय वर्षे २४, स्थळे पाहणे चालू) गेले दोन महिने दुकानातून जादा आणीत होते, आणि अडकित्त्याने एकीच्या चार करून, कपाळावरून माघार घेणाऱ्या केसांच्या बंदोबस्तासाठी रोज एक फोड गिळत होते. कैफियत मागितली, तेव्हा उत्तर आले ते सरळ वऱ्हाडी: "काका, तुमची गोळी पाचाची हाय, मले एकाचीच लागते. डॉक्टरले कायले फी द्या?"

हिशेबात म्हणावी तशी चूक नाही, हीच पंचाईत. अमेरिकेत हे औषध १९९२ साली प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमच्या आणि १९९७ साली पुरुषांच्या आनुवंशिक टकलासाठी १ मिलिग्रॅमच्या मात्रेत मंजूर झाले. पुरुषी संप्रेरकाच्या ज्या प्रखर रूपामुळे केसांची मुळे वर्षानुवर्षे क्षीण होत जातात ते रूप तयार होण्यास ते अटकाव करते, आणि पुष्कळांच्या डोक्यावरची पडझड त्याने थांबते, हे मी नाकारीत नाही. परंतु गर्भवतीने या गोळीचा फुटका तुकडा हाताळू नये, पोटी मुलगा असल्यास त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत व्यंग येण्याची भीती असते, ही सूचना आमच्या हिशेबनिसाने वाचलेली नव्हती. आणि सातव्या महिन्यात माहेरी आलेली त्याची सख्खी बहीण रोज दुपारी त्याच अडकित्त्याने मला सुपारी कातरून देत होती.

मला या प्रसंगी राहून राहून बोंडगाव आठवले. २०२४ साल सरता सरता आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा या गावांत आधी डोके खाजे, मग केस राठ होत, आणि तिसऱ्या दिवशी हात फिरविला की पुंजकाच मुठीत येई. बाप्ये, बाया, लेकरे, कोणासही सूट नव्हती. त्या वेळी साऱ्या तालुक्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: पोटात गेले तरी काय? कोणी शांपूवर आळ घेतला, तर जन्मात शांपू न लावलेलेही टकले निघाले. कोणी आपल्या खारपाणपट्ट्याच्या पाण्यावर घेतला, पाण्यात नायट्रेट जास्त निघालेही, पण ते पाणी काही त्या महिन्यापासून पिणे सुरू झालेले नव्हते. पथके आली, दिल्लीहून आयसीएमआरचे शास्त्रज्ञ आले, नखे-केस-रक्त-लघवी सारे बाटल्यांत भरून गेले. आणि केंद्रातील आरोग्य खात्याचे राज्यमंत्रिपद याच जिल्ह्याच्या खासदारांकडे असताना, रेशनच्या गव्हावर बोट ठेवावयास महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना पदरमोड करून यावे लागले. त्यांच्या तपासणीत रक्तात सेलेनियम नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट आढळले. गहू पंजाबाकडचा, जेथील नवांशहर-होशियारपूरच्या जमिनीत हे द्रव्य मुळातच भरपूर असल्याची नोंद फार जुनी आहे. (रास्त भावाच्या दुकानात भाव तेवढा रास्त असतो, हे मी पूर्वीही लिहिले आहे.)

ज्या लोकांना पिशवीत पडेल ते धान्य निमूट घरी न्यावे लागते, त्यांनी सरकारला धान्याचा जाब विचारला; आणि ज्याच्या हातातल्या पट्टीवर तांबडी उभी रेघ आहे, चिठ्ठीवाचून विकू नये असा इशारा आहे, त्या पदवीधरास स्वतःलाही काही विचारावेसे वाटले नाही. गोळीने काहींची कामेच्छा मंदावते, काहींचे मन खिन्न होते, आणि २०२५ च्या मे महिन्यात युरोपच्या औषध नियंत्रकांनी आत्महत्येचे विचार हाही या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले, हे त्याला मला सांगावे लागले. त्यातही गंमत अशी की, बावस्करांचे निदान धरले तर बोंडगावात जे खाणे थांबले त्याने केस परत आले, काही आठवड्यांत डोक्यांवर लव दिसू लागली. आमच्या घरी जे खाणे थांबेल त्याने केस जाणार, कारण गोळी सोडली की मिळवलेले सारे वर्षभरात ओसरते. म्हणजे चोविसाव्या वर्षी जडलेली ही रोजची फोड लग्न झाले म्हणून सुटणारी नव्हे.

औषधे भलत्याच वाटेने उपयोगी पडतात, यावर माझा आक्षेप नाही. बावस्करांनीच रक्तदाबाचे प्राझोसिन विंचवाच्या दंशावर वापरून कोकणात कित्येकांचे प्राण वाचविले. आणि डोक्यास चोळावयाचे मिनॉक्सिडिल हेही मूळचे रक्तदाबाचेच, रोग्यांच्या अंगावर नको तेथे केस उगवू लागले तेव्हा त्याचा हा गुण ध्यानात आला. परंतु विंचवाच्या रोग्याशेजारी डॉक्टर रात्र रात्र बसलेला होता, आणि आमच्या गोळीशेजारी अडकित्ता.

माझे मत विचाराल तर डोक्यावरची टोपी गेली तेथेच घात झाला. माझ्या वडिलांना टक्कल होते की नव्हते, हे ते गेल्यावरच आम्हांला नीटसे कळले. टोपीच्या अंमलात हा विषय घरातल्या घरात मिटत असे. टोपीचा सोस सोडा, अशी पत्रे पुन्हा येतील, येवोत.

शेवटी शुक्रवारी त्याला अकोल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. बाईंनी अर्धा तास घेतला. वडिलांचे केस कोणत्या वर्षी गेले, झोप कशी लागते, मन उदास असते काय, घरात गरोदर बाई आहे काय, असे सारे विचारले, मला बाहेर बसवून आणखीही काही विचारले, आणि चिठ्ठीवर लिहिले तेच औषध, एकाच्या मात्रेत, अखंड गोळी, तीन महिन्यांनी दाखविण्याच्या अटीवर. परतीच्या एस. टी. त पुतण्याने एवढेच म्हटले, "तेच तं झालं, काका." फी मी दिली होती, म्हणून गप्प बसलो. पुतणीच्या डॉक्टरांच्या कानावर भुग्याची हकीगत घातली आहे. अडकित्ता तिचे बाळंतपण होईपर्यंत कपाटात कुलूपबंद आहे, आणि सुपारी मी खलबत्त्यात कुटतो.

— वऱ्हाडकर