'हरित' शहराची कसोटी तळ्याच्या मातीत

केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी देशात बारा नवी औद्योगिक शहरे उभारण्यास मंजुरी दिली. त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला आले ते दिघी बंदर औद्योगिक क्षेत्र. ६ हजार ५६ एकर जमीन, ५ हजार ४६९ कोटी रुपयांचा खर्च, ३८ हजार कोटींच्या गुंतवणुकीची अपेक्षा आणि १ लाख १४ हजार रोजगारांचा अंदाज, असे या प्रकल्पाचे सरकारी चित्र आहे. ही शहरे 'हरित' आणि 'स्मार्ट' असतील, अशी ग्वाहीही देण्यात आली. रायगड जिल्ह्यातील माणगाव, रोहा आणि तळा या तालुक्यांना मात्र ही घोषणा नवी नव्हती. त्याआधी बारा वर्षे, म्हणजे २०१२ मध्येच, या प्रकल्पासाठी भूसंपादनाच्या नोटिसा येथील शेतकऱ्यांच्या हाती पडल्या होत्या. तेव्हाच्या आणि आताच्या आखणीत जे अंतर पडले आहे, त्यातून हरित विकासाविषयी बरेच काही शिकण्यासारखे आहे.

टोकियोत करार, तळ्यात नोटीस

या प्रकल्पाचे मूळ भारत-जपान मैत्रीत आहे. डिसेंबर २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या जपान दौऱ्यात दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसंबंधी सामंजस्य करार झाला. त्यासाठी जानेवारी २००८ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि पुढे जपानच्या सरकारी बँकेने त्यात २६ टक्के भागभांडवल घेतले. मालगाड्यांसाठी स्वतंत्र रेल्वेमार्ग आणि त्याच्या दोन्ही अंगांना नियोजित औद्योगिक शहरे, अशी ही कल्पना. जपानने ऊर्जाबचत, पाण्याचा पुनर्वापर आणि कचरा व्यवस्थापन यांतील अनुभव भारताला द्यावा आणि शहरे पहिल्यापासूनच पर्यावरणस्नेही असावीत, असा विचार त्यामागे होता.

कागदावर यात आक्षेप घेण्याजोगे काहीच नव्हते. अडचण आली ती जमिनीच्या आकड्यात. दिघी क्षेत्राच्या पहिल्या आखणीत माणगाव, रोहा व तळा या तीन तालुक्यांतील ७८ गावे आणि साठ हजार एकरांहून अधिक जमीन होती. त्यात भातखाचरे होती, वरकस जमीन होती, आंबा-काजूची लागवड होती, आदिवासी वाड्या आणि गावठाणेही होती. भूसंपादन होणार होते ते राज्याच्या १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांच्या संमतीची अट घातली. राज्याच्या या जुन्या कायद्यात तशी अट नाही.

नकाराचे फलित

रायगडला जमिनीचे लढे अपरिचित नाहीत. महामुंबई सेझच्या वेळी २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांमध्ये शेतकऱ्यांचे थेट मतदान घेण्याची वेळ सरकारवर आली होती. त्या सेझविरोधी लढ्यात उतरलेल्या कार्यकर्त्यांपैकी सर्वहारा जन आंदोलनाच्या उल्का महाजन व त्यांचे सहकारी कॉरिडॉरच्या प्रश्नावरही शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. शेतकऱ्यांनी हरकती नोंदवल्या, सभा आणि मोर्चे झाले. महिलांचा त्यांतील सहभाग मोठा होता. पुढे आखणी आक्रसत गेली. २०२४ मध्ये मंजूर झालेले क्षेत्र मूळ आखणीच्या सुमारे एक दशांश आहे.

या घडामोडींकडे 'विकासाला विरोध' म्हणून पाहण्याची सवय शहरी वाचकाला लागली आहे. परंतु हिशेब उलट बाजूनेही मांडता येतो. सहा हजार एकरांत औद्योगिक शहर बसत असेल आणि त्यातून लाखभर रोजगारांची अपेक्षा धरता येत असेल, तर उरलेली पन्नास हजारांहून अधिक एकर जमीन सुरुवातीलाच कशासाठी आखली गेली होती? पाण्याचा पुनर्वापर आणि सौरऊर्जा यांचे महत्त्व आहेच. पण शाबूत राहिलेली भातखाचरे, झाडोरा आणि डोंगरउतार यांच्या तुलनेत त्यांचा हरित लाभ थोडाच म्हणावा लागेल. एखाद्या सल्लागार संस्थेच्या अहवालाने जे साधले नसते, ते शेतकऱ्यांच्या नकाराने साधले.

रोजगाराची निकड

याचा अर्थ तळ्याला उद्योग नकोत, असा मात्र नाही. पूर्वी माणगावचाच भाग असलेला हा छोटा तालुका. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या जेमतेम ४० हजार होती आणि त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक होती. कोकणात या आकड्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. कर्ते पुरुष मुंबईत, गावात वृद्ध आणि बायका, आणि गणपती-शिमग्याला तेवढी घरे उघडलेली. पावसाळ्यातील एका भातपिकावर वर्ष निघत नाही. त्यामुळे घरापासून तासाभराच्या अंतरावर पगाराची नोकरी मिळणार असेल, तर ती येथील तरुणांना हवीच आहे. प्रश्न आहे तो नोकरी कोणती आणि कोणत्या किमतीला, हा.

ही शंका अनुभवातून आलेली आहे. रोह्याजवळ धाटाव आणि दक्षिणेला महाड येथे रासायनिक कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांनी रोजगार दिला, हे खरे. पण कुंडलिका आणि सावित्री या दोन्ही नद्यांची नावे प्रदूषित नदीपट्ट्यांच्या सरकारी यादीत गेली. खाडीवर पोट असणाऱ्या कोळ्यांनी त्याची किंमत मोजली. दिघी बंदर ज्या राजपुरी खाडीच्या मुखाशी आहे, ती खाडी आत थेट तळा तालुक्यातील कुडा लेण्यांच्या पायथ्यापर्यंत येते. तिचे काठ कांदळवनांचे आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, तळा या पट्ट्यातील बागा आणि घरांची छपरे उद्ध्वस्त केली. अशा किनाऱ्यावर कांदळवन केवळ शोभेचे राहत नाही. वादळात लाटांचा आणि भरतीचा जोर तेच मोडून काढते.

पाणी कोणाचे?

हरित शहराची सर्वांत कठीण परीक्षा पाण्याची असेल. रायगडमध्ये तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तरीही मार्चनंतर डोंगरवाड्यांवर हंडे घेऊन पायपीट सुरू होते. बारमाही पाण्याचा मोठा आधार आहे तो भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्राचा. १९२७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रातून वीजनिर्मितीनंतर सुटणारे पाणी कुंडलिकेत येते. त्यावर भातशेती, पाणीयोजना आणि रोह्याचे उद्योग चालतात.

हे पाणी येते सह्याद्रीपलीकडच्या मुळशी धरणातून. त्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. मुंबईच्या विजेसाठी मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. आजच्या भाषेत ती वीज 'स्वच्छ'च होती. पण ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना कोणी विचारले नव्हते. शंभर वर्षांनंतर त्याच पाण्याकडे नव्या उद्योगांची नजर जाणे स्वाभाविक आहे. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे भीमा खोऱ्यात वळवावे, अशीही मागणी होत आली आहे. शेती, पिण्याचे पाणी आणि उद्योग यांचा वाटा आधी ठरवल्याशिवाय शहराला हरित म्हणणे घाईचे ठरेल.

जपानकडून काय घ्यावे?

यासाठी जपानचाच एक दाखला उपयोगी आहे. पोलाद कारखान्यांच्या धुराने काळवंडलेले कीताक्यूशू हे शहर आणि 'मृत समुद्र' म्हणून कुप्रसिद्ध झालेला तिथला दोकाई उपसागर. त्या शहराच्या तोबाता भागातील गृहिणींनी हवेतील धूळ स्वतः मोजण्यास सुरुवात केली, अभ्यासकांची मदत घेतली आणि १९६५ मध्ये 'निळे आकाश हवे' अशा अर्थाच्या नावाचा माहितीपटही काढला. त्यांतील अनेकींचे नवरे त्याच कारखान्यांत कामाला होते. कारखाना बंद करा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. धूर बंद करा, एवढेच होते. दबाव वाढला, पालिका आणि उद्योग यांच्यात प्रदूषण नियंत्रणाचे करार झाले आणि १९९७ मध्ये हेच शहर जपानच्या पर्यावरणनगर योजनेत आले.

जपानी तंत्रज्ञान विकत मिळते. पण ते ज्या जागरूकतेतून जन्मले, ती कराराच्या मसुद्यात नसते. ती त्या त्या गावालाच निर्माण करावी लागते. माणगाव, रोहा आणि तळ्याच्या शेतकऱ्यांनी तिची चुणूक दाखवली आहे. आता सरकारने तीन गोष्टी करणे आवश्यक आहे. जमीन संमतीनेच घ्यावी, पाण्याचे वाटप जाहीर करावे आणि कोणते उद्योग येणार हे ग्रामसभांना आधी सांगावे. सांडपाणी आणि हवेची मोजणी गावकऱ्यांना रोज पाहता येईल, अशी सोयही सुरुवातीपासून असावी.

हे घडले, तर मुंबईहून परतणाऱ्या तरुणासाठी दिघीचे औद्योगिक शहर खरोखरच आधार ठरू शकेल. अन्यथा धाटाव आणि महाडनंतर आणखी एका वसाहतीची भर पडेल, फक्त पाटी हिरवी असेल.