कान पाळण्याकडे

हे लिहिते आहे तेव्हा घरात घट बसले आहेत. अखंड दिव्यात तेल घालायचं काम माझ्याकडे. समोर अंकाची शेवटची मुद्रितं, मुलाची सहामाही परीक्षा, सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा, वाण्याला द्यायची भाजणीची यादी. देवापुढे म्हणून बसले ती जेमतेम दहा मिनिटं. पण दिव्याचा विसर दिवसभरात एकदाही पडला नाही. हातात काहीही असो, मनाचा एक कोपरा तिकडे होता. यंदाच्या अंकाचा विषय आम्हांला त्या कोपऱ्यानेच दिला: भरल्या घरात देवाशी निवांत कसं व्हावं?

त्या निमित्ताने बगरूला जाऊन आले. जयपूरहून अजमेरच्या रस्त्याला तीसेक किलोमीटरवरचं हे गाव ठशांच्या कापडासाठी ओळखलं जातं. छिप्यांच्या, म्हणजे कापड छापणाऱ्यांच्या, मोहल्ल्यात शिरताच आधी आवाज कानी पडतो, लाकडी ठशावर पडणाऱ्या मुठीचा. कापड आधी हरड्याच्या पाण्यातून काढून पिवळसर केलेलं असतं. काळ्यासाठी स्याही, म्हणजे गंजकं लोखंड आणि गूळ आंबवून केलेलं पाणी. हरड्याशी गाठ पडली की ते काळं होतं. तांबड्यासाठी तुरटी आणि डिंकाचं बेगर. ते छापताना फिकंच दिसतं. पुढे रंगाच्या हंड्यात कापड उकळलं की तांबडा उघडतो. पार्श्वभूमीचा ठसा गद, रेघांचा रेख, भरणीचा दत्ता. एका फुलासाठी हे ठसे एकमेकांवर बिनचूक बसावे लागतात.

एका वयस्कर छिप्यांजवळ मी तासभर उभी होते. तेवढ्यात नातू पैसे मागून गेला, दोनदा फोन वाजला, सून आतून काही विचारून गेली. सगळ्यांना उत्तरं मिळाली. नातवाला तर दरडावून मिळालं. एक हात ठशाची कोपऱ्यातली खूण आधीच्या छापाशी जुळवत होता, दुसऱ्याची मूठ पडत होती, आणि फुलाची एकही पाकळी सरकली नाही.

या मोहल्ल्याशी आपलं नातं जुनं आहे. आपल्याकडे नामदेव शिंपी, तर उत्तरेत ते छिपा. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत आणि त्यांत ते स्वतःला छिपाच म्हणवतात. राजस्थानातले कितीतरी छिपे आपली ओळख नामदेवांच्या नावाने सांगतात. पंजाबात नामदेव घुमानला राहिले. त्याच घुमानला 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं.

गुरू ग्रंथ साहिबातच कबीरांच्या श्लोकांमध्ये नामदेव आणि त्यांचे मित्र त्रिलोचन यांचा संवाद येतो. त्रिलोचन विचारतात, या कापड छापण्यात काय गुंतून पडलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेवांचं उत्तर साधं आहे: तोंडाने नाम घ्यावं, हातापायांनी काम करावं, चित्त मात्र निरंजनापाशी असावं. हे चित्त कसं असतं ते त्यांच्या रामकली रागातल्या पदात दिसतं. मित्रांशी गप्पा मारणाऱ्या मुलाचं लक्ष पतंगाच्या दोरीत असतं. घागरी घेऊन हसत बोलत निघालेल्या मुलींचं घागरीत. पाच कोसांवर चरणाऱ्या गाईचं वासरात. आणि घरात कामात बुडालेल्या आईचं पाळण्यातल्या बाळात.

हे पद वाचताना मला माझी आई आठवते. सकाळी भाजी निवडता निवडता ती विष्णुसहस्रनाम म्हणायची. मध्येच एखाद्या नामावर थांबून ओरडायची, ‘अगं, दूध बघ!’ आणि पुन्हा बरोबर त्याच नामापासून पुढे. एकही नाम गळत नसे. देवघरात जाऊन शांत बसलेली ती मला फारशी आठवत नाही. तिच्याइतकी आतून शांत बाईही मी पुढे फार पाहिली नाही.

तरी इथेच थांबणं मला पटत नाही. कामातच देव पाहावा, हे बहुतेक घरांत बाईलाच ऐकवलं जातं, आणि ऐकवणारा बसलेला असतो. नामदेवांचं घर मोठं होतं: वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, मुलगे नारा, विठा, गोंदा, महादा, त्यांच्या बायका लाडाई, गोडाई, येसाई, साखराई, लेक लिंबाई, शिवाय जनाबाई. या घराच्या चुलीची काळजी कोणी वाहिली? गोणाई आणि राजाईच्या नावावरचे अभंग नामदेवांच्या गाथेत आहेत. त्यांत संसाराकडे पाठ फिरवलेल्या नामदेवांबद्दलची तक्रार आहे, आणि ती विठ्ठलापर्यंत जाते. गाथेने ती झाकली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. गोरोबा कुंभारांच्या भजनाच्या तंद्रीत पायाखाली मूल गेलं, ही कथाही वारकऱ्यांनीच जपून ठेवली. ती ऐकताना आपण डोळे पुसतो आणि पुढे जातो. मला तिथे दरवेळी ते मूल दिसतं, आणि त्याची आई. पाळण्याकडे कान असलेली आई आणि पायाखालचं न दिसलेला बाप यांत निवड करायची झाली, तर मी आईच्या बाजूची आहे.

कामात नाम घेता येतं, हे खरं. पण ज्या बाईला हात रिकामे ठेवून बसायला कधीच मिळत नाही, तिला ते सांगण्याचा अधिकार तिच्या हातातलं थोडं काम उचलणाऱ्यालाच आहे.

म्हणून वाचकहो, एक विनंती. नरकचतुर्दशीला पहाटे घरातली बाई सगळ्यांना तेल-उटणं लावते आणि स्वतः शेवटी नाहते, तीही फराळाची ताटं मांडायच्या घाईत. यंदा पहिलं उटणं तिला लावा. ताटं इतरांनी मांडा, चहा इतरांनी टाका, आणि तिला अर्धा तास देवापुढे नुसतं बसू द्या. मधे कोणी हाक मारू नका. पाडव्यानंतर दहा दिवसांनी कार्तिक शुद्ध एकादशी येते. नामदेवांचा जन्म याच तिथीचा, शके 1192 मधला. त्या दिवशीही तिला बसू द्या.