यंत्र आले, नमुन्याचे काय?

प्रयोगशाळेत कोट्यवधी रुपयांचे यंत्र आले की उद्घाटन होते, छायाचित्रे निघतात. त्या यंत्रात घालावयाचा नमुना कोण, कशापासून आणि किती दिवसांत तयार करणार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे एनएमआर, या तंत्राची घन पदार्थांसाठीची शाखा हे याचे बोलके उदाहरण होय.

अल्झायमर रोगात मेंदूत साचणारे प्रथिनांचे तंतू पाण्यात विरघळत नाहीत. त्यांचे स्फटिकही बनत नाहीत. त्यांची अणुरचना उलगडण्यास हे तंत्र उपयोगी पडते. पण त्याला आयता नमुना चालत नाही. यंत्राला संकेत मिळतात ते मुख्यतः कार्बन-१३ व नायट्रोजन-१५ या समस्थानिकांकडून, आणि निसर्गातील कार्बनमध्ये पहिल्याचे प्रमाण जेमतेम १.१ टक्का, तर नायट्रोजनमध्ये दुसऱ्याचे ०.४ टक्क्याहूनही कमी. म्हणून या समस्थानिकांनी युक्त असे महागडे ग्लुकोज व अमोनियम क्लोराइड जिवाणूंना पुरवून त्यांच्याकडून प्रथिन बनवून घ्यावे लागते. मग शुद्धीकरण, मग तंतू जुळेपर्यंत प्रतीक्षा. शेवटी ओला गाळ झिर्कोनियाच्या नळीत दाबून भरावयाचा. ३.२ मिलिमीटर व्यासाच्या या नळीत जेमतेम थेंबभर द्रव्य मावते आणि ती ५४.७ अंशांत कललेली राहून सेकंदाला दहा-वीस हजार फेरे घेते. नमुना सुकला तर संकेत पसरट होतात. क्षार अधिक राहिले तर तो तापून बिघडतो.

२००२ साली बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी स्पेक्ट्रिन या प्रथिनाच्या एका छोट्या खंडाची रचना या पद्धतीने निश्चित केली. तेथेही मर्म नमुन्यातच होते. ठराविक जागीच कार्बन-१३ असलेले ग्लिसरॉल जिवाणूंना देऊन त्यांनी संकेतांची गर्दी कमी केली, आणि त्यामुळेच अणूंमधील आवश्यक अंतरे मोजता आली.

अर्थशास्त्राच्या भाषेत यंत्र हे भांडवल, समस्थानिक हा कच्चा माल आणि नमुना घडविणारे हात हे कुशल श्रम. गिरणी उभारावयाची आणि कापसाची व कामगारांची तरतूद करावयाची नाही, असा कारभार कोणताही मालक करणार नाही. यंत्राशिवाय नमुना व्यर्थ, हे खरेच. परंतु यंत्र सामाईक असू शकते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एनएमआरची राष्ट्रीय सुविधा हे त्याचे उदाहरण आहे. नमुना घडविण्याचे कसब मात्र ज्या त्या प्रयोगशाळेतच जोपासावे लागते. तेव्हा विद्यापीठांनी प्रत्येकी एका यंत्राचा हट्ट धरण्याऐवजी रसायनांसाठी दरवर्षीची हुकमी तरतूद आणि तंत्रज्ञांसाठी कायम पदे मागावीत. रिकामी नळी कितीही वेगाने फिरली तरी तिच्यातून ज्ञान निघत नाही.